नदीचे मूळ आणि पाण्याचा हक्क



गेल्या आषाढी वारीतली तरडगाव मुक्कामाची गोष्ट आधी सांगतो. दुपारी चांदोबाच्या लिंबापाशी पहिले उभे रिंगण झाले होते. रात्री हरिपाठ झाला, पंगती उठल्या, तंबूत अंथरुणे पडली. झोप लागायच्या आधी जे बोलणे चालते, ते सुरू झाले. आमच्या दिंडीत एक तरुण आहे. शिकलेला, वाचनाची आवड असलेला, पखवाजावर चांगला हात असलेला. तो म्हणाला, "ख्रिस्ती धर्माचं मूळच खोटं आहे. येशू नावाचा कोणी झालाच नाही. रोमच्या एका बादशहानं सभा भरवली आणि धर्म बनवला. असल्या धर्माला आपल्याकडं मोकळीक द्यायचीच कशाला?" दोघाचौघांनी माना डोलावल्या. मी ऐकून घेतले आणि कूस बदलली.

तंबूच्या कडेला एक ताई पायाला तेल चोळत बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. पहाटे टँकरपाशी पाणी भरताना मात्र हळूच म्हणाल्या, "गुरुजी, माझा धाकटा भाऊ चार वर्षांमागं ख्रिस्ती झाला. दारूत पार बुडाला होता. तिकडं प्रार्थनेला जायला लागला आणि सुटली. पण घरच्यांनी त्याचं नाव टाकलं. यंदा भाऊबीजेला त्याला ओवाळायला बोलावलं, तर माझा विठ्ठल रागावंल का हो?" मी "नाही, माउली" एवढेच म्हणालो आणि हंडा उचलायला वाकलो. उत्तर चुकीचे नव्हते, पण अर्धे होते. रात्री मी गप्प राहिलो होतो, म्हणून तर पहाटे त्यांना हा प्रश्न विचारावा लागला. पंढरपूरपर्यंत ते मला बोचत राहिले. राहिलेले उत्तर आज लिहितो आहे. ते त्या ताईंसाठी आहे, तसेच त्या तरुणासाठीही आहे.

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. मला ती पुरती पटत नाही. मूळ जरूर शोधावे. खऱ्याला शोधाचे भय नसते. मात्र मूळ कसेही निघाले, तरी काठावर ओंजळ भरणाऱ्याचा पाण्याचा हक्क त्यावरून ठरत नाही. त्या तरुणाच्या बोलण्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले होते. हा धर्म कसा सुरू झाला, हा एक. तो पाळणाऱ्याला मोकळीक असावी का, हा दुसरा. पहिला इतिहासाचा आहे, दुसरा नीतीचा. दोन्हींचा गुंता झाला की इतिहासही बिघडतो आणि नीतीही. म्हणून ते एकेक करून पाहू.

आधी इतिहास. येशू हा गालील प्रांतातला यहुदी होता आणि पोंतियस पिलात नावाचा रोमन अधिकारी यहुदियाचा कारभार पाहत असताना, म्हणजे इ. स. 30 च्या सुमारास, त्याला क्रुसावर देण्यात आले. एवढे तरी जवळपास सगळे इतिहासकार मानतात, श्रद्धा नसलेलेही. ख्रिस्ती नसलेल्या लेखकांनीही त्याचा उल्लेख केला आहे. यहुदी इतिहासकार जोसेफस पहिल्या शतकाच्या अखेरीस लिहितो. त्याच्या मजकुरात पुढे कोणीतरी भर घातली, हे अभ्यासकांनी दाखवले आहे, पण सगळाच मजकूर बनावट आहे असे बहुतेकांना वाटत नाही. रोमन इतिहासकार टॅसिटस दुसऱ्या शतकाच्या आरंभी पिलातचे नाव घेऊन या शिक्षेची नोंद करतो, आणि त्याला या पंथाबद्दल काडीचे प्रेम नव्हते.

येशूने स्वतः लिहिलेले काही उरलेले नाही. तो अरामी बोलत असे, आणि त्याची चरित्रे ग्रीक भाषेत, त्याच्यामागून तीसचाळीस वर्षांपासून पुढे लिहिली गेली. त्याआधीची आहेत ती पौलाची पत्रे, इ. स. 50 च्या आसपासची. हा आरंभी यहुदी धर्मातलाच एक प्रवाह होता. यहुदी नसलेल्यांना त्यात यायचे तर त्यांनी सुंता करावी का, सगळे यहुदी नियम पाळावेत का, यावर पहिल्याच पिढीत मोठा वाद झाला. कोणाला आत घ्यायचे आणि कोणत्या अटीवर, हा अधिकाराचा वाद आपल्याला अनोळखी नाही.

आता बादशहाची सभा. कॉन्स्टंटाइनने इ. स. 325 मध्ये निकेया येथे धर्मगुरूंची परिषद भरवली, हे खरे. पण तिथे वाद होता तो ख्रिस्त आणि पिता यांचे नाते नेमके कसे मानावे, याचा. धर्म तिथे जन्मला नाही. याला साधा पुरावा आहे. त्याआधी 303 मध्ये डायोक्लेशन बादशहाने ख्रिस्ती लोकांची प्रार्थनास्थळे पाडायचा आणि त्यांचे ग्रंथ जाळायचा हुकूम काढला होता. 325 साली बनलेल्या धर्माचे ग्रंथ 303 साली कसे जाळणार?

सत्याचा आग्रह धरायचा तर तो आपल्याला गोड लागणाऱ्या गोष्टींतही धरावा लागतो. येशू हिंदुस्थानात आला, इथे साधूंपाशी शिकला, असे आपल्यातले काही अभिमानाने सांगतात. निकोलाय नोटोविच नावाच्या रशियन प्रवाशाने 1894 मध्ये लडाखमधल्या हेमिस मठाचे नाव घेऊन तसे पुस्तक काढले. मॅक्स म्युलरसारख्या पंडिताने तेव्हाच त्यावर अविश्वास दाखवला, आणि त्या कथेला आधार सापडलेला नाही. आपला मान वाढवणारी खोटी गोष्ट आपण सोडली, तरच दुसऱ्याला त्याची सोडायला सांगता येते.

आणि वाचकहो, मूळ शोधण्याचा हा प्रसंग आपल्यावरही आलेला आहे. आपला विठ्ठल मूळचा कोण, यावर विद्वानांनी किती लिहिले! कोणी तो गवळी-धनगरांचा देव म्हणतात, कोणी वीरगळाशी त्याचे नाते जोडतात, कोणी बुद्धाशी, कोणी जैनांशी. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' हा मोठा ग्रंथ याच शोधावर लिहिला. त्यामुळे वारीतला एक तरी माणूस माघारी फिरला का? ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत नकलांमुळे पाठभेद शिरले होते. नाथबाबांनी 1584 मध्ये त्या तपासून शुद्ध प्रत सिद्ध केली. नाथांना तपासणीचे भय वाटले नाही. जो न्याय आपण आपल्या पोथीला लावतो, तोच दुसऱ्याच्या पोथीला लावावा. तिची चिकित्सा खुशाल करावी, पण तिला हृदयाशी धरणाऱ्याला बाहेर काढू नये.

आता दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते खरा प्रश्न हाच. समजा, एखाद्या धर्माचे मूळ सदोष निघाले. मग तो पाळणाऱ्याची मोकळीक काढून घ्यावी का?

गंमत अशी की हा युक्तिवाद सर्वांत आधी रोमने ख्रिस्ती लोकांविरुद्धच वापरला. रोमन लोक जुन्याला मान देत. यहुदी धर्म त्यांना विचित्र वाटे, पण तो त्या लोकांचा पूर्वापार धर्म आहे, म्हणून चालवून घेत. ख्रिस्ती पंथ मात्र काल जन्मलेला, वाडवडिलांचे आचार सोडायला लावणारा, गुलाम आणि बायाबापड्यांत पसरणारा. याचे मूळ काय, कूळ काय? म्हणून याला हक्क नाही.

इ. स. 112 च्या सुमारास, आजच्या तुर्कस्तानच्या उत्तर भागात, प्लिनी नावाचा सुभेदार होता. त्याने ट्रेजन बादशहाला पत्र लिहून विचारले की या लोकांचे करायचे काय. चौकशीत त्याला एवढेच कळले होते की हे लोक ठरल्या दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तुती गातात आणि चोरी, व्यभिचार, विश्वासघात करणार नाही अशी शपथ घेतात. खात्री करून घ्यायला त्याने दोन दासींचा छळ केला. त्या स्त्रिया त्यांच्या मंडळीत सेवा करणाऱ्या होत्या. बादशहाने उत्तर धाडले की मुद्दाम शोधत फिरू नका, निनावी तक्रारी घेऊ नका, पण आरोप सिद्ध झाला आणि त्याने आमच्या देवांची पूजा नाकारली, तर शिक्षा करा. पहाटे उठून भजन करणाऱ्या माणसांविषयीचा हा पत्रव्यवहार वाचताना वारकऱ्याच्या पोटात कालवाकालव होते.

पुढे डेसियस बादशहाच्या काळात, 250 च्या सुमारास, हुकूम निघाला की प्रत्येकाने रोमच्या देवांना नैवेद्य अर्पण करावा आणि तसा दाखला घ्यावा. अशा चाळीसहून अधिक दाखल्यांचे कागद इजिप्तच्या वाळूत सापडले आहेत. अमुक माणसाने आमच्यासमोर देवांना अर्पण केले, अर्पणातले खाल्ले, अशी त्यांवर साक्षीदारांची नोंद असते. कल्पना करा, तुमच्या भक्तीचा असा दाखला सरकारी माणूस लिहून देतो आहे! त्यावर सही मिळते, पण त्या माणसाच्या अंतरात काय चालले असेल ते कोणत्या कागदावर उमटणार?

या छळाच्या काळात आफ्रिकेतल्या कार्थेज नगरातल्या टर्टुलियन नावाच्या ख्रिस्ती लेखकाने तिथल्या रोमन अधिकाऱ्याला लिहिले. आपल्याला पटेल त्या देवाची उपासना करणे हा माणसाचा स्वाभाविक हक्क आहे, आणि भक्ती बळाने करवून घेणे हे भक्तीचे काम नव्हे, असा त्याचा आशय. 313 मध्ये कॉन्स्टंटाइन आणि लिसिनियस या दोघा बादशहांनी मिलान येथे विचार करून ही मोकळीक दिली. ती एकट्या ख्रिस्ती लोकांना नव्हती. ख्रिस्ती लोकांना आणि इतर सर्वांना, ज्याला जो धर्म रुचेल तो पाळण्याची मुभा, असे तिचे स्वरूप होते.

इथे कथा संपली असती तर किती गोड झाले असते! पण पुढचे ऐका. 380 मध्ये थिओडोसियस बादशहाने फर्मान काढले की सर्व प्रजेने निकेयाच्या मताचाच ख्रिस्ती धर्म पाळावा. दहाबारा वर्षांत जुन्या देवांची पूजा कायद्याने बंद झाली. मोकळीक मिळाल्यापासून ती दुसऱ्याची काढून घेईपर्यंत अवघी 67 वर्षे गेली. 384 मध्ये रोमच्या सभागृहातल्या विजयदेवीची काढून टाकलेली वेदी परत द्यावी, म्हणून सिमाकस नावाच्या जुन्या धर्माच्या सरदाराने विनंती केली. इतक्या मोठ्या रहस्यापर्यंत एकाच वाटेने पोचता येत नाही, हे त्याचे म्हणणे होते. आता मोकळीक मागणारा बदलला होता आणि नाकारणाराही. मिलानचे धर्मगुरू अँब्रोज यांनी विरोध केला. वेदी परत मिळाली नाही. पुढच्याच वर्षाच्या सुमारास प्रिसिलियन नावाच्या ख्रिस्ती धर्मगुरूचाच ख्रिस्ती बादशहाच्या हुकमाने शिरच्छेद झाला. तूर येथील साधू मार्टिन यांनी त्याच्यासाठी रदबदली केली होती. अशी माणसे प्रत्येक धर्मात असतात, म्हणूनच धर्म टिकतात.

याचाच चटका आपल्या शेजारी गोव्याला बसला. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने तिसवाडी, बार्देश, साष्टी इथली देवळे पाडली. मंगेश कुशस्थळी सोडून झुआरीपलीकडे प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला गेली. 1560 मध्ये आलेले धर्मन्यायालय मध्ये चार वर्षे बंद राहून अखेर 1812 मध्ये उठले. त्याने गांजले ते मुख्यतः नव्याने ख्रिस्ती झालेल्यांनाच, कारण त्यांच्या घरातून जुने आचार पुरते गेले नव्हते. बळाने धर्मात आणलेल्या माणसावर बळ करणाऱ्याचाही विश्वास बसत नाही, तो हा असा. त्याच साष्टीत थॉमस स्टीफन्स नावाचे इंग्रज पाद्री होते. 1579 मध्ये ते गोव्यात आले, मराठी शिकले आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले. ते 1616 मध्ये छापले गेले. ज्या छंदात माउलींनी गीतार्थ सांगितला, तोच छंद त्यांनी घेतला. ज्या सत्तेच्या छायेत ते राहिले, तिचे पाप त्या ओव्यांनी धुऊन निघत नाही. पण माणसाच्या काळजाशी बोलायचे तर त्याच्या भाषेत बोलावे लागते, हे त्या ओव्यांनाही ठाऊक होते.

तुम्ही म्हणाल, बघा, त्यांनी असे केले! हो, केले. आणि म्हणूनच मी विचारतो, यातून आपण शिकायचे काय? अशक्त असताना ज्याची याचना केली, ते सशक्त झाल्यावर दुसऱ्याला नाकारले, हा त्या इतिहासातला दोष आहे. तोच दोष आपण उचलला, तर त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला कुठून येणार?

आता थोडे आपल्या उंबरठ्याशी या. आळंदीच्या चार भावंडांना समाजाने कशासाठी बाहेर ठेवले? संन्याशाची पोरे म्हणून. त्यांचे ज्ञान कोणी तपासले नाही, त्यांची करुणा कोणी पाहिली नाही. फक्त मूळ विचारले, कूळ विचारले आणि अधिकार नाकारला. देहूच्या तुकोबांना तुझ्या वाणीला अधिकार नाही असेच सांगितले गेले, आणि गाथा इंद्रायणीच्या डोहात गेली. चोखोबा महाद्वाराशीच राहिले. ती बंदी उठायला 1947 साल उजाडावे लागले. साने गुरुजींनी 1 मेपासून दहा दिवस उपोषण केले, तेव्हा पांडुरंगाच्या देवळाचे दार सर्वांना उघडले. ही बंदी घालणारे परके नव्हते, आपलेच होते, आणि आपल्यातलेच कित्येक गप्प होते, जसा मी तरडगावच्या तंबूत गप्प राहिलो.

मूळ सदोष, म्हणून अधिकार नाही. या एका वाक्याने ज्यांच्या माउलीला गावाबाहेर ठेवले, त्या वारकऱ्यांच्या तोंडी तेच वाक्य कसे शोभेल? देहूहून निघालेली तुकोबांची पालखी अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते, तिथे आरती होते, मग पुढे जाते. श्रीगोंद्याचे शेख महंमद आपल्या संतमांदियाळीत आहेत. त्यांचे कूळ विचारून आपण त्यांना बाहेर ठेवले नाही, हे आपले भूषण आहे.

इथे एक रास्त शंका येते, ती टाळू नये. "गुरुजी, मोकळीक ठीक, पण आमिष दाखवून, आजाराचे भय घालून, गरिबीचा फायदा घेऊन धर्म बदलतात, त्याचे काय?" ते चूकच. बळ, फसवणूक आणि आमिष यांना मोकळीक म्हणत नाहीत. आपल्या संविधानाचे 25 वे कलम प्रत्येकाला सद्सद्विवेकाचे आणि धर्म पाळण्याचे, सांगण्याचे स्वातंत्र्य देते, सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. धर्म सांगण्याच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये म्हटले. पण धर्म ज्याचा त्याने स्वतः विचार करून बदलला, तर? तिथे सद्सद्विवेक त्याचा आहे. आमिषाचा आरोप करण्याआधी त्या माणसाला एकदा विचारायला तरी हवे. आणि त्या ताईंच्या भावाचे ऐकल्यावर मला एक प्रश्न स्वतःलाही विचारावा लागला. तो दारूत बुडत होता तेव्हा आपल्या भजनी मंडळातला कोणी त्याच्या दारी गेला होता का? तुळशीची माळ घातली की दारू सुटते, हे आपण अभिमानाने सांगतो. ती माळ घेऊन त्याच्याकडे कोण गेले?

नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. पाच वर्षांच्या आसपास ताटातूट झाली. ते सगळे दुःख आणि त्यातले हसूही त्यांनी 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवले आहे. पुढे त्याही ख्रिस्ती झाल्या, पण नवऱ्याच्या हुकमाने नव्हे, स्वतःच्या मनाशी झगडून. टिळकांनी तुकोबांना सोडले नाही. आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते म्हणत. त्यांनी अभंग रचले, कीर्तने केली. त्यांचा निर्णय आपल्याला पटो न पटो, तुकोबा त्यांच्या घरातून गेले नाहीत, हे खरे. मग आपण त्यांच्यासाठी आपल्या मनाचे दार का लावावे?

तर, त्या तरुणाला सांगतो : बाळा, वाचत राहा, मूळ शोधत राहा. पण हाती आलेले तपासून घे, आणि जे सापडेल ते कोणाच्या डोक्यात घालायचा दगड करू नकोस. वारीला निघताना आपल्याला कोणी दाखला मागत नाही. तसा दाखला आपणही कोणाकडे मागू नये.

आणि ताई, तुम्हाला : भावाला बोलवा. पाट मांडा, निरांजन लावा, ओवाळा. त्याने कपाळाला कुंकू लावून घेतले तर लावा, नको म्हणाला तर नुसती ओवाळणी करा आणि हातावर साखर ठेवा. तो तुमच्या घरी जेवेल, तुम्ही त्याच्या घरी जा. विठ्ठल कमरेवर हात ठेवून अठ्ठावीस युगे उभा आहे, आणि इतक्या काळात त्याने दारात आलेल्या कोणाला मूळ विचारल्याचे ऐकिवात नाही. तरडगावच्या पहाटे हे सांगायला मला उशीर झाला, त्याची क्षमा असावी. भाऊबीज अजून व्हायची आहे.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल.